वरच्या मजल्यावरची नटी

मी संशयी बाई आहे. हे मी मिरवत नाही आणि त्याची लाजही बाळगत नाही, कारण माझं पोट त्यावर चालतं. इथे आखातात, रुसैलच्या एका कारखान्यात मोठमोठ्या पाइपांचे वेल्डिंग केलेले जोड तपासायचं माझं काम. जोडाचा एक्स-रे काढतात, त्याची फिल्म माझ्यासमोर येते, आणि आत कुठे पोकळी राहिलीय का, बारीक चीर गेलीय का, ते मी शोधते. हाताखाली नवीन मुलं आली की त्यांना सांगते, वाईट जोडाला भिऊ नका, तो दिसतो. फार सुंदर जोड आला की दिवा जवळ घ्या. काही ठेकेदार एकाच उत्तम जोडाची फिल्म चार जोडांच्या नावावर खपवतात. तीच रेघ, तोच ठिपका, त्याच कोपऱ्यात तोच ओरखडा. असे कितीतरी मी पकडलेत आणि त्याबद्दल पाठीमागे शिव्याही खाल्ल्यात.

घरी आल्यावर हा स्वभाव चपलांसारखा दारात काढून ठेवता येत नाही. नवरा निझव्याच्या पुढे साइटवर असतो, गुरुवारी संध्याकाळी येतो आणि शनिवारी परत जातो. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तो म्हणाला, "सासू तुला नाही, मुलगी गेली, मी पाच दिवस बाहेर. संशय घ्यायला घरात माणूसच उरलं नाही. आता वरचा मजला तरी भाड्याने जाऊ दे."

तसा तो मजला भाड्याने गेला. अल खौदमधल्या आमच्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठात शिकवणारा एक अमेरिकन प्राध्यापक राहायला आला, पन्नाशीचा, शांत, मान खाली घालून चालणारा. सोबत त्याची आई. सामानाचे खोके अजून जिन्यात पडलेले असतानाच त्या खाली आल्या आणि आमची बेल वाजवली. ऐंशीच्या आतबाहेरचं वय, पाठ ताठ, पांढरे केस वर बांधलेले, ओठांना लाल रंग. मी दार उघडल्यावर त्यांनी नाव सांगायच्या आधी धंदा सांगितला.

"मी नटी आहे. रंगभूमीवरची. सिनेमातली नाही."

एखाद्याने आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, असं बजावावं, तसा तो स्वर होता. मी त्यांना आत घेतलं, आल्याचा चहा दिला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी तो दोन्ही हातांनी कप धरून प्यायला आणि जाताना विचारलं, उद्या येऊ का? उद्या आल्या. परवाही आल्या. मी साडेचारला कामावरून येते, पाचला बेल ठरलेली.

रोज चहाला येणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हा माझा अनुभव. मी वाट बघत राहिले. वायफायचा पासवर्ड मागतील, ओळखीचा डॉक्टर विचारतील, गाडीतून कुठे सोड म्हणतील. त्यांनी काहीच मागितलं नाही. त्या फक्त बोलायच्या, आणि आमचं इंग्रजी संभाषण म्हणजे बहुतेक त्यांचंच आयुष्य असायचं.

अमेरिकेच्या मधोमध कुठल्याशा गावात त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. एकोणिसाव्या वर्षी घरात न सांगता त्या बसने न्यूयॉर्कला गेल्या, हॉटेलात बशा विसळल्या, आणि पहिल्या नाटकात मोलकरणीचं काम मिळालं, वाक्य एकच. मग फिरत्या नाटक कंपन्या. आठवड्याला आठ प्रयोग, हिवाळ्यात थंडगार थिएटरं, अंगात ताप असताना गाउनच्या आत लोकरीचे मोजे. नवरा कंपनीतला सुतार होता, देखावे उभे करायचा. सिनेमावाल्यांनी एकदा बोलावलं, पण यांचा आवाज ऐकून ते म्हणे दचकले. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायची सवय झालेला तो आवाज होता, आमच्या हॉलमध्ये तर तो भिंतीला आपटून परत यायचा.

ऐकायला गोड होतं, म्हणूनच मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं. मी इंटरनेटवर शोधलं. एवढं मोठं आयुष्य, आणि सापडलं काय? एका जुन्या वर्तमानपत्रातला धुरकट फोटो, त्यात आठ माणसं, आणि खाली बारीक अक्षरांत यांचं नाव. बस्स. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नाटक आहे ते. पडदा पडला की खलास. मागे काय राहणार?" पण मी कान टवकारून होतेच.

आणि एक दिवस पकडलं. एक घरगुती नाटक होतं, आई, दोन मुली आणि आजी असं. त्यात आपण धाकट्या मुलीचं काम केलं, असं त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. नंतर एकदा म्हणाल्या, त्या नाटकात मी धाकटीच्या थोबाडीत मारायची. आणि त्या दिवशी म्हणाल्या, दुसऱ्या अंकात मी मरायची, मग सगळे रडत असताना आत जाऊन सँडविच खायची. मी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "नक्की कोण होता तुम्ही? मुलगी, आई का आजी?"

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "तिन्ही," त्या म्हणाल्या. "नाटक तेच होतं, डार्लिंग. वय माझं वाढत होतं."

विशीत मुलगी, चाळिशीत आई, सत्तरीत आजी. लोकांना ते नाटक आवडायचं म्हणून कंपन्या ते पुन्हापुन्हा काढायच्या आणि दर वेळी यांना पुढची खुर्ची मिळायची. माझा संशय खोटा ठरला की मला आनंद होत नाही, राग येतो. त्या रात्री मी भांडी जरा जास्तच आपटली. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या. शुक्रवारी सकाळी नवरा बरक्याहून मासळी आणायचा, त्यातला सुरमईचा तुकडा कमी तिखट करून वर जायला लागला.

दुसरा संशय हळूहळू आला, आणि तो पहिल्यासारखा सुखाचा नव्हता.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. रंगमंचावरचं दार एका प्रयोगात अडकलं. यांनी बाहेरून ढकललं, लाथ मारली, उघडेना. आत नट वाट बघतोय, प्रेक्षक वाट बघतायत. मग या देखाव्यातल्या शेकोटीतून वाकून आत शिरल्या, घागरा झटकला आणि म्हणाल्या, "हे धुराडं कधीतरी साफ करायला हवं." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्यांदा ऐकून मी मनापासून हसले. दुसऱ्यांदा ऐकली, म्हातारी माणसं सांगतातच पुन्हापुन्हा. माझे वडील एका बैलाची गोष्ट आयुष्यभर सांगत होते. पण वडिलांचा बैल दर वेळी वेगळा असायचा, कधी तांबडा, कधी एका शिंगाचा. बाईंच्या गोष्टीत मात्र तसूभर फरक पडत नव्हता. "ढकललं" म्हणताना डावा हात वर. मग चहाचा घोट. मग खिडकीकडे नजर आणि एक उसासा, नेमका तेवढाच लांब. घागरा झटकला म्हणताना कप उजव्या हातात. मी ती गोष्ट पुन्हा ऐकली आणि माझ्या मानेवर काटा आला. तीच रेघ, तोच ठिपका, तोच ओरखडा.

मी मध्येच विचारलं, "त्या रात्री नंतर जेवायला कुठे गेलात?"

त्यांनी माझ्याकडे गोड हसून बघितलं, कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाल्या, "दार अडकलं होतं. मी ढकललं." आणि डावा हात वर गेला.

इथे शहाण्या बाईने थांबावं. मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी मी त्यांची खुर्ची उचलून समोरच्या भिंतीला लावली आणि खिडकीजवळ कपड्यांचं स्टँड उभं केलं. त्या आल्या. दोन पावलं नेहमीच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या. मी म्हटलं, "बसा ना, इकडे." त्या बसल्या. चहा दिला. मी विचारलं, "ते दाराचं सांगा ना." त्यांनी तोंड उघडलं. डावा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. खिडकी आता पाठीमागे होती. त्या मान वळवून ती शोधत होत्या. ओठ हलत होते, पण शब्द एकही नाही. तो भलामोठा आवाज असलेली बाई माझ्या हॉलमध्ये वाट चुकलेल्या लेकरासारखी बघत होती.

मी जिंकले होते. मी उठून खुर्ची पुन्हा खिडकीजवळ नेली, स्टँड ओढून बाजूला केलं, त्यांना हाताला धरून बसवलं. त्यांनी खिडकीकडे बघून घेतलं.

"तू मुद्दाम हलवलीस," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"शहाणी आहेस. माझ्या हातांकडे बघणारी तू एकटीच."

मग त्यांनी सांगितलं, आणि हे मात्र अडखळत, शब्द शोधत सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवला. नाटकात वाक्यं नुसती घोकत नाहीत म्हणे. हे वाक्य खुर्चीपाशी, ते खिडकीपाशी, इथे वळायचं, तिथे कप उचलायचा. पाय जागेवर गेले की तोंडाला आपोआप आठवतं. गुडघा दुखतो म्हणून नाटक सोडलं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. गुडघा ठणठणीत होता. एका प्रयोगात पुढचं वाक्य आलंच नाही, आणि ते का आलं नाही हे त्यांना लगेच कळलं. तेव्हा त्यांनी जे येत होतं ते केलं. अजून आठवतंय तोवर स्वतःचं आयुष्य भूमिकेसारखं बसवून घेतलं. नव्या घरात आलं की सगळं पुन्हा नव्याने बसवायचं. वरच्या स्वयंपाकघरात लहानपण, बाल्कनीत नवरा, माझ्या हॉलमध्ये नाटक कंपनी. सकाळी मुलगा गेला की घरभर फिरून तालीम.

म्हणजे रोज चहाला येणाऱ्या बाईला काहीतरी हवं होतंच. तिला माझा हॉल हवा होता.

"मुलाला माहीत नाही?" मी विचारलं.

"त्याला शंका आहे. म्हणून तर तो मला रोज विचारतो, आज काय केलंस. मी दिवसभर घरी एकटी राहू शकते तोवर इथे. नाहीतर अमेरिकेत एका संस्थेत जागा बघून ठेवलीय त्याने. मी जाऊन पाहिली आहे. तिथे माणसं भिंतीला पाठ लावून बसतात आणि कोणी काही सांगत नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "तू सांगू नकोस."

मी म्हटलं, "मी खोटं बोलत नाही."

"बोलू नकोस. मी अडले तर फक्त एवढंच विचार, मग दाराचं काय झालं? प्रश्न खोटा नसतो."

असल्या पळवाटा मला ठेकेदार रोज ऐकवतात. आणि तरीही मी म्हटलं, बघू.

नोव्हेंबरात त्यांचा आभार मानायचा अमेरिकन सण होता. मुलाने गच्चीवर टेबल मांडलं, विद्यापीठातले दोन-तीन लोक, आम्ही नवरा-बायको. मी मुद्दाम आधी वर गेले आणि त्यांची खुर्ची कठड्याकडे तोंड करून ठेवली, खिडकीऐवजी तो चालेल म्हणून. जेवताना त्या एकदा अडल्या. मुलाचा काटा बशीवर थांबला, त्याने मान वर केली. मी म्हटलं, "मग दाराचं काय झालं?" आणि बाई सुटल्या. डावा हात, घोट, उसासा, धुराडं. टेबलावर हशा उसळला. मुलगा सगळ्यांत जास्त हसला आणि नंतर जिन्यात मला म्हणाला, "इथे आल्यापासून आई पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे. तुमच्यामुळे. मी करार वाढवून घेतोय." मी मान हलवली. खाली आल्यावर नवरा म्हणाला, "किती छान बोलतात त्या!" मी त्यालाही काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक जोड आतून पोकळ आहे हे माहीत असून पास केला होता.

तो हिवाळा चांगला गेला, हेही सांगायला हवं. त्या अडायच्या, मी सूत हातात द्यायची, त्या पुढे विणायच्या. कधी चुकून गोष्टीबाहेरचं काहीतरी खरंच आठवायचं, नवऱ्याच्या हातांना येणारा लाकडाचा वास, एकदा हरवलेली मांजर, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला माझी मुलगी लहान असतानाची आठवायची. मी त्यांच्यावर नजर ठेवून होतेच. गॅस बंद आहे का, दार लावलंय का. पण मी कामावर जाणारी बाई. दिवसभर वर काय चालतं, मला काय माहीत.

जूनमध्ये भर दुपारी, उघड्यावरची कामंसुद्धा बंद असतात त्या वेळेला, मला फोन आला. आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार, रत्नागिरीकडचा, त्याच्याकडे माझी यादी व्हॉट्सॅपवर जाते म्हणून नंबर होता.

"ताई, जरा येताव काय? तुमच्या वरची म्हातारी माझ्या शटरसमोर उन्हात उभी हाय. आत ये म्हटलं तर ऐकत नाय. माझी बायको छत्री घेऊन तिच्या बाजूला उभी हाय. लवकर या, यल्ला."

मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. दुकान दुपारचं बंद. लोखंडी शटरसमोर बाई उभ्या, अंगात लांब काळा कोट, ओठांना रंग, पायांत घरातल्या पातळ सपाता. चेहरा तांबडाभडक आणि घामाचा टिपूस नाही. मला बघून कडाडल्या, "प्रयोगाच्या अर्धा तास आधीचा इशारा केव्हाच झाला. मला आत का सोडत नाहीत?" दुकानदाराची बायको रडायच्या बेतात होती. मी विचारलं, "कुठल्या नाटकाला?" त्यांनी त्या घरगुती नाटकाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "आज मी धाकटी आहे." आणि माझ्या अंगावर कलंडल्या.

दवाखान्यात सलाइन लावली. पायांच्या तळव्यांना फोड आले होते. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळकडे त्या शुद्धीत आल्या, मला ओळखलं, माझं बोट धरून ठेवलं. तेवढ्यात मुलगा धावत आला. त्याच्या हातात अजून वर्गातला मार्कर होता.

"आई, बाहेर कशाला गेलीस?"

आणि बाईंनी, सलाइन लावलेल्या हाताने केस सारखे करत, स्वच्छ आवाजात सांगितलं, "लिंबं आणायला. दुकान एकला बंद होतं हे विसरले. मूर्खपणा झाला, डार्लिंग." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिला विचार."

हे वाक्य कुठल्याही तालमीतलं नव्हतं. ते त्यांनी तिथल्या तिथे रचलं होतं, आणि ते इतकं बेमालूम होतं की मी तिथे नसते तर मीही मानलं असतं. मुलाने माझ्याकडे मान वळवली. त्यालाही ते मानायचंच होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. माझं बोट अजून त्यांच्या मुठीत होतं.

मी म्हटलं, "नाही. त्या लिंबं आणायला गेल्या नव्हत्या." आणि सगळं सांगितलं. खुर्ची, हॉल, दाराची गोष्ट, गच्ची, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मध्ये कधीतरी माझं बोट सुटलं.

मी मुलाला म्हटलं, घरी दिवसभराची बाई ठेवा, मी बघून देते, संध्याकाळी मी आहेच. तो नकारार्थी मान हलवत राहिला. आधीच्या देशात ठेवली होती म्हणे. तिला खोलीत कोंडून या बाहेर पडल्या होत्या. तो माझ्यावर चिडला नाही. त्याने माझे आभार मानले, आणि ते मला फार लागलं. नवरा म्हणाला, "तू बरोबर केलंस. उन्हात मेल्या असत्या." मलाही ते माहीत आहे. आज तीच वेळ पुन्हा आली तर मी तेच सांगेन.

अमेरिकेची तिकिटं निघाली. त्या दिवसांत त्या पाचला खाली आल्या नाहीत. मी चहा दोघींचा करायची आणि एक कप ओतून टाकायची. खालून दोनदा हाक मारून पाहिली, मुलगा म्हणाला, झोपली आहे. पहाटेच्या विमानाने निघायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हट्टाने वर गेले. खोल्या रिकाम्या होत्या, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. त्या एका बॅगेवर ताठ बसल्या होत्या, केस वर बांधलेले, ओठांना रंग.

मी म्हटलं, "मी आले आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सौम्य, नम्र, अनोळखी माणसाकडे बघतात तसं. मग हात पुढे केला. "किती छान. आपण भेटलोय का याआधी?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्याकडे बघत राहिले, डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, मानेच्या शिरेत. वीस वर्षं मी हेच काम करते आहे. आवाज जिथे थरथरायला हवा तिथे थरथरला नाही. पापणी लवली ती सगळ्यांची लवते तशीच. हात ना गार, ना घट्ट. मी म्हटलं, "मी खालच्या मजल्यावर राहते." त्या म्हणाल्या, "अस्सं? इथे फार उकाडा होतो, नाही?" आणि मुलाकडे वळून विचारलं, गाडी आली का?

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मुलाचे निरोप येतात, आई बरी आहे, कुणाला ओळखत नाही. मी अजून रोज त्या संध्याकाळचा तो चेहरा डोळ्यांसमोर आणून तपासते. त्या खरंच विसरल्या असतील, तर मी त्यांचं काय केलं हेही विसरल्या असतील, आणि मला हायसं वाटायला हवं. पण मला तसं नको आहे. मला वाटतं त्यांनी मला ओळखलं होतं. सगळं आठवत होतं, भयंकर राग आला होता, आणि त्यांनी ठरवून, पाठ ताठ ठेवून, माझ्यासाठी शेवटचं काम केलं. असंच झालेलं असू दे, एवढीच माझी इच्छा आहे.